माळावर, रानात, पाण्याकाठी: पक्षी टिपणाऱ्यांनी कपड्यांचे आणि सामानाचे रंग कसे निवडावेत

थंडी पडायला लागली की कॅमेऱ्यात पक्षी टिपायला नव्याने बाहेर पडणारी मंडळी एकच प्रश्न विचारतात: लपायला कोणत्या प्रिंटचं जॅकेट घेऊ? प्रिंट हा या कामातला जवळजवळ शेवटचा निर्णय आहे. तो पहिला घेतला की पुढचं सगळं चुकत जातं. जानेवारीत सासवडच्या माळावर गडद हिरव्या जंगल-प्रिंटमध्ये बसलेला माणूस मी अनेकदा पाहिला आहे. सगळा माळ वाळलेल्या गवताच्या रंगाचा, आणि मधोमध एक काळपट हिरवा ढीग. त्या जागी काल झुडूप नव्हतं, हे टिटवीला पक्कं माहीत असतं. ती ओरडत उठते आणि पुढचा अर्धा तास धाविक, चंडोल, ससाणे सगळेच सावध राहतात.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. दुकानात जायचं ते तिसऱ्या टप्प्यावर.

टप्पा १: जागा आणि महिना लिहून काढा

पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर कुठे जाणार आहात, ते कागदावर लिहा. एकाच माळाचा रंग वर्षातून तीन-चार वेळा बदलतो आणि कपडे त्या रंगाला जुळवायचे असतात.

सासवड, सुपे, इंदापूर किंवा सोलापूरजवळचं नान्नज, अशी माळरानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरवीगार असतात. ऑक्टोबरात गवताला बी धरतं आणि पिवळी झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळीकडे कडब्याचा फिका गव्हाळ रंग. मार्चनंतर गवत चरून, तुडवून संपतं, खालचा तांबूस मुरूम आणि काळे-राखाडी दगड वर येतात. काही ठिकाणी माळ जाळलेलाही असतो. थोडक्यात, माळावर हिरव्या कपड्यांचे दिवस फार तर दोन-अडीच महिने. बाकी वर्षभर बिस्किट रंग, खाकी आणि मातकट.

सह्याद्रीतल्या दाट रानात लोकांची उलटी फसगत होते. कर्नाळा, भीमाशंकर, आंबोली म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवा रंग येतो. पण तुम्ही झाडाच्या शेंड्यावर बसणार नसता, बुंध्याशी बसणार असता. तिथे पाचोळ्याचा तपकिरी, खोडांचा राखाडी आणि शेवाळाचा काळसर हिरवा असे रंग असतात आणि उजेड कमी असतो. पोपटी किंवा ताजा हिरवा तिथे खालच्या बाजूला क्वचितच दिसतो. मेंदी रंग, शेवाळी आणि मळका तपकिरी हे तिथले कामाचे रंग.

विदर्भातल्या सागाच्या रानात पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हिरवं चालतं. पानगळ सुरू झाली की जमिनीवर सागाच्या मोठ्या पानांचा बदामी-चॉकलेटी थर साठतो आणि वरून ऊन थेट खाली येतं. एप्रिलमध्ये तिथे हिरवं जॅकेट घालणं म्हणजे माळावरचीच चूक पुन्हा करणं.

भिगवणला उजनीचं पाणी ओसरू लागलं की राखाडी-तपकिरी चिखल आणि वाळकं पाणकणीस उरतं. ठाण्याच्या खाडीत राखाडी चिखल आणि त्यामागे खारफुटीचा गडद, तकतकीत हिरवा.

*तपासा:* ज्या जागी जास्त वेळा जाणार, तिथून मूठभर माती, दोन-चार वाळकी पानं आणि गवताची काडी कागदाच्या पुडीत आणा. संरक्षित क्षेत्रातून काही उचलू नका, तिथे फोटो पुरेसा. पुडी जपून ठेवा, तिसऱ्या टप्प्यावर लागणार आहे.

टप्पा २: रंगाआधी गडद-फिका जुळवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लांबून पाहणाऱ्याच्या नजरेत आधी भरतो तो फिक्यावरचा गडद किंवा गडदावरचा फिका ठिपका. रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालून जातं, गडदपणा चुकला तर आकार लगेच उठून दिसतो.

परीक्षा सोपी आहे आणि घरातल्या जुन्या कपड्यांवर आजच करता येते.

१. कपडा गोळा करून, सुरकुत्या पडतील असा, त्या जागेच्या जमिनीवर किंवा झुडपावर टाका. इस्त्री केलेला सपाट कपडा उजेड वेगळा परतवतो.

२. वीस पावलं मागे जा आणि मोबाईलने फोटो काढा.

३. फोटो कृष्णधवल करा.

४. डोळे अर्धवट मिटून पाहा. कपडा कुठे आहे ते शोधावं लागलं तर तो पास. काळा किंवा पांढरा डाग म्हणून लगेच दिसला तर नापास, मग त्यावरचं प्रिंट कितीही महागडं असो.

हीच परीक्षा सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा आणि सावलीत एकदा करा. उन्हात पास होणारा बिस्किट रंग रानातल्या सावलीत पांढरा दिसतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

*इशारा:* कापड ओलं झालं की एक-दोन छटा गडद होतं. पावसाळी भटकंतीसाठीचा कपडा निवडताना त्याचा एक कोपरा भिजवून परीक्षा घ्या. कोरडा असताना जरा फिका वाटणारा मेंदी रंग जुलैतल्या रानात नेमका बसतो, आणि कोरडाच गडद असलेला भिजल्यावर काळा होतो.

काळा रंग टाळाच. उघड्या जागेत तो भोक पडल्यासारखा दिसतो. शिवाय गडद कपडे डासांना ओढतात आणि आग्या मोहोळाच्या माश्याही गडद रंगावर जास्त चवताळतात. कडेकपारीत, किल्ल्यांच्या कड्यांखाली बसणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. अत्तर आणि सुगंधी तेलही त्या दिवशी नको.

टप्पा ३: कापड आणि कपडे घ्या

आता पुडी घेऊन दुकानात जा. कापड ट्यूबलाईटखाली पसंत करू नका. दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात आणून पुडीतल्या मातीशेजारी आणि पानांशेजारी धरा.

पूर्ण सूट घेण्याचा मोह आवरा. बसलेल्या माणसाचे पाय जमिनीच्या पार्श्वभूमीवर दिसतात आणि धड-डोकं मागच्या झुडपाच्या. या दोन्हींचे रंग क्वचितच एक असतात. पुणे-मुंबईकडच्या माणसाला माझ्या मते चार कपडे पुरतात: एक मातकट आणि एक मेंदी रंगाची पँट, एक खाकी आणि एक शेवाळी सदरा. माळावर मातकट पँटवर खाकी सदरा, पाणकणसाच्या कडेलाही तेच. सह्याद्रीत मेंदीवर शेवाळी. पानगळीच्या रानात मातकट पँट आणि खाकी सदरा. वर आणि खाली वेगळा रंग आला की माणसाचा उभा एकसंध आकारही तुटतो, आणि अर्धं काम तिथेच होतं.

जीन्स मात्र घरी ठेवा. चितळ, काळवीट, लांडगा, खोकड अशा सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात. तांबडा आणि हिरवा त्यांना धड वेगळा करता येत नाही, निळा मात्र स्वच्छ दिसतो. पक्ष्यांचं तर आणखी पुढे. आपल्याकडे तीन प्रकारच्या शंकुपेशी, त्यांच्याकडे चार. आपल्याला न दिसणारी अतिनील किरणंही अनेक पक्ष्यांना दिसतात. वर उत्तम प्रिंटचं जॅकेट आणि खाली निळी जीन्स ही जोडी मला दर हिवाळ्यात दिसते. त्या जॅकेटचे पैसे वाया गेलेले असतात.

कापड हातात चुरगाळून आवाज ऐका. विंडचीटरचं चकचकीत नायलॉन खसखसतं आणि उन्हात चमकतं. जाडसर, मळकट पोत असलेलं सुती किंवा सुती-मिश्र कापड थंडीत आणि उन्हाळ्यात उत्तम. पावसाळ्यात सुती कापड जड होतं आणि वाळत नाही. तेव्हा न चमकणारं, पातळ, लवकर सुकणारं कापड घ्या. खिशांना वेल्क्रो असेल तर शिंप्याकडून बटणं लावून घ्या. शांत रानात वेल्क्रो उघडल्याचा आवाज फार लांब जातो.

प्रिंट घ्यायचंच असेल तर ठिपक्यांचा आकार पाहा. बारीक ठिपक्यांचं प्रिंट हातात सुंदर दिसतं, पण तीस-चाळीस पावलांवरून सगळे ठिपके मिसळून एकच रंग होतो आणि तो बहुधा अपेक्षेपेक्षा गडद असतो. मोठे, वेडेवाकडे पट्टे आणि त्यात ठळक फिके भाग असलेलं प्रिंट लांबूनही आकार तोडतं. निवाडा पुन्हा कृष्णधवल फोटोचाच.

कापडी पानं शिवलेले पानेरी सूट एका जागी बसून राहण्यासाठी चांगले. ते घालून चालू नका: करवंदाच्या जाळीत अडकतात, आणि मार्चनंतर आत बसवत नाही.

*इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा:* लष्करासारखे कपडे घेऊ नका. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये नवा डिजिटल नमुन्याचा गणवेश आणला; त्या नमुन्याचे हक्क लष्कराने राखून ठेवले आहेत आणि त्याची खुल्या बाजारातली विक्री बेकायदा आहे. बाजारात नक्कल मिळते, म्हणून ती घ्यायची असं होत नाही. सैनिक असल्याचं भासवण्याच्या हेतूने तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू तसा नसेल. पण गावकुसाबाहेर पहाटे सहा वाजता लांब काळी नळी खांद्यावर टाकलेला, लष्करी कपड्यातला अनोळखी माणूस पाहून गावाला काय वाटेल याचा विचार करा. गडचिरोली आणि गोंदियाच्या रानात तर कोणतंही लष्करी छापाचं कापड अंगावर नको. तिथे तो गैरसमज जिवावर बेतू शकतो. साधे, एकरंगी, मळकट कपडे सगळीकडे चालतात, आणि माझा कौल कायम त्यांनाच आहे.

टप्पा ४: घालण्याआधी धुवा, पण नेहमीच्या पावडरने नाही

पहिल्या तीन टप्प्यांची मेहनत घरातलं धुणं एका दिवसात घालवतं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून बहुतेक धुण्याच्या पावडरीत उजळवणारी रसायनं घातलेली असतात. ती कापडाच्या धाग्याला चिकटतात, सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं शोषतात आणि त्या बदल्यात निळसर उजेड बाहेर टाकतात. वाळलेल्या गवतातून, मुरमातून असा निळा उजेड येत नाही. म्हणजे नेमका जो रंग पशुपक्षी चांगला पाहतात, तोच आपण अंगावर चढवून जातो. नीळ घालणाऱ्या घरात तर वेगळं सांगायला नको.

माझा पहिला खाकी सदरा दोन हिवाळे असाच धुतला जात होता. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च मिळाला, तेव्हा अंधाऱ्या खोलीत सहज त्यावर मारून पाहिला. सगळा सदरा निळसर पांढरा उजळला. शेजारी पडलेलं जुनं गोणपाट काळंच राहिलं. त्या दिवसापासून रानातले कपडे आमच्याकडे वेगळ्या बादलीत जातात.

करायचं ते असं:

१. नवा कपडा आधी टॉर्चखाली पाहा. काही कापडांना ही रसायनं कारखान्यातच लावलेली असतात.

२. रिठे रात्रभर भिजवून, सकाळी कुस्करून गाळलेल्या पाण्यात कपडे धुवा. रिठ्यात उजळवणारं काही नसतं आणि वासही मागे राहत नाही. रिठे नसतील तर ज्या द्रवसाबणाच्या लेबलवर उजळवणारी द्रव्यं नसल्याचं स्पष्ट लिहिलं आहे तोच घ्या.

३. बादली आणि मशिन आधी साध्या पाण्याने खळबळून घ्या, नाहीतर कालची पावडर आजच्या कपड्याला लागते.

४. कडक उन्हात वाळवा. उन्हाने रंग विटतो, आणि इथे तेच हवं आहे.

उजळलेला कपडा एका धुण्यात सुधारत नाही. रिठ्याचं पाणी आणि ऊन यांच्या बऱ्याच फेऱ्या लागतात. फारच उजळत असेल तर तो कपडा शहरात वापरा.

टप्पा ५: चेहरा आणि हात

सगळे कपडे जुळवून बसलेल्या माणसाचं जे दिसतं, ते म्हणजे हात. कॅमेऱ्यावर सतत तेच हलतात. कपाळ आणि नाक घामाने चमकतात, त्वचा सावळी असो की गोरी. बोटांची टोकं कापलेले पातळ मातकट हातमोजे घ्या. तोंडाला खाकी उपरणं किंवा सुती गमछा नाकापर्यंत गुंडाळा. डोक्याला सगळ्या बाजूंनी काठ असलेली, मऊ, वेडीवाकडी झालेली टोपी: तिच्या सावलीत डोळे आणि चष्मा लपतात, आणि डोकं-खांद्यांची ती ओळखीची गोल रेघ मोडते.

घड्याळ, अंगठी, कडं काढून खिशात ठेवा.

टप्पा ६: सामान

लेन्स. मोठ्या टेलिफोटो लेन्सा पुष्कळदा पांढऱ्या असतात. समोरून फक्त हूडची (लेन्सच्या तोंडावर बसवायच्या नळकांड्याची) कड दिसते, पण तुम्ही लेन्स बाजूला वळवली की आजूबाजूच्या सगळ्या पक्ष्यांना पांढरी नळी फिरताना दिसते. तयार कव्हर महाग वाटलं तर शिंप्याकडून जाड खाकी कापडाच्या, इलास्टिक लावलेल्या तीन वेगळ्या बाह्या शिवून घ्या. तीन अशासाठी, की फोकसची आणि झूमची कडी मोकळी फिरली पाहिजे. हूड कायम लावलेला असू द्या, समोरची काच चमकू नये म्हणून.

ट्रायपॉड. पायांना न चमकणारी कापडी चिकटपट्टी मातकट रंगात गुंडाळा. थंडीत हातालाही बरं वाटतं. सांध्यांवर पट्टी नको.

पट्टे. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या गळपट्ट्यावर लाल-पिवळी ठळक अक्षरं असतात. तो बदला, किंवा उलटा शिवून घ्या.

बॅग. बॅगेपेक्षा तिचं पावसाळी आवरण जास्त घात करतं, कारण ते बहुधा भडक पिवळं किंवा केशरी असतं. ते फेकू नका, त्याचं काम शेवटी आहे. पावसात वर टाकायला मेंदी रंगाचं साधं ताडपत्रीचं कापड ठेवा.

स्टीलची बाटली जुन्या मोज्यात घाला. बुटांचे चकाकणारे पट्टे चिखलाने मळवा. कॅमेऱ्याचा मागचा पडदा मंद करा आणि फोकसला मदत करणारा लाल दिवा बंद करा. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, आणि पहाटेच्या अंधारात तोच पहिला दिसतो.

हाईड (आत लपून बसायचा तंबू किंवा आडोसा) घेणार असाल तर तोच न्याय: आधी जागा, मग रंग. शेतीच्या शेडनेटचं नवं कापड निळसर हिरवं आणि चमकदार असतं. ते तसंच ताणून बसवू नका. पाऊस-ऊन खाल्लेलं जुनं मागून घ्या, वर त्याच जागेवरचं पडलेलं वाळकं गवत किंवा शेतकऱ्याने दिलेला कडबा टाका. जिवंत फांद्या तोडू नका. आत बसताना गडद सदरा घाला, कारण खिडकीतून आतला अंधार दिसतो आणि फिका सदरा त्यात हलताना उठून दिसतो. गडद कपडा चालणारी ही एकच जागा.

टप्पा ७: बसायचा क्रम

१. उजाडण्याआधी अर्धा तास जागेवर पोहोचा. उपरणं, टोपी, हातमोजे जागेवर गेल्यावर घाला. गावातून जाताना चेहरा उघडा हवा, भेटेल त्याला रामराम करून काय करतोय ते सांगता येतं.

२. झुडपाच्या मागे लपू नका, झुडपाच्या पुढ्यात बसा. मागे बसलं की डोकावावं लागतं आणि प्रत्येक डोकावणं दिसतं. पुढे बसलं की तुमची कड झुडपात मिसळते.

३. सूर्य पाठीशी असेल तर फोटो चांगला येतो, पण तुमच्यावरही लख्ख ऊन पडतं. मागचं झुडूप तुमच्याहून उंच असेल तर त्याची सावली तुमच्यावर येते आणि दोन्ही साधतं. जागा शोधताना हे पहिलं पाहा.

४. आधी ट्रायपॉड, मग बॅग, मग स्वतः. एकदा बसलात की पंधरा मिनिटं काहीही हलवायचं नाही.

*तपासा:* निघण्याआधीच्या रविवारी हा सगळा थाट करून जवळच्या टेकडीवर बसा. सोबत्याला तीस पावलांवरून मोबाईलने फोटो काढायला सांगा, एक रंगीत, एक कृष्णधवल. दुसऱ्यात काय उठून दिसतं ते पाहा. माझ्या अनुभवात बहुधा हात, लेन्स किंवा उघडी मान निघते.

यातलं काही करू नये अशा जागा

ताडोबा-पेंचच्या जिप्सीत रंगाने फार फरक पडत नाही. गाडीचा आकार आणि आवाज प्राण्यांना माहीत असतो. भडक आणि पांढरं टाळा, तेवढं पुरे. भिगवणला मच्छीमारांच्या होडीतून जाताना तेच. रोहित पक्षी होडीला सरावलेले असतात, होडीत उभं राहणाऱ्या माणसाला नाही. माळावर धनगराची घोंगडी आणि मेंढरं पक्षी रोज पाहतात, म्हणून त्यांच्या वाटेने सावकाश, वाकडंतिकडं चालणारा माणूस पुष्कळदा जास्त जवळ जातो.

घरट्याजवळ मात्र कोणत्याही रंगात जाऊ नका. पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर पानेरी सूट घालून तास न् तास बसणारे म्हणतात की त्याने आम्हाला पाहिलंच नाही. चोचीत सरडा धरून तो पलीकडच्या फांदीवर ताटकळत असतो, तेव्हा त्याने पाहिलेलं असतं.

परतताना बॅगेचं ते केशरी आवरण बाहेर काढा. संध्याकाळी रानातून डांबरी रस्त्यावर येण्याआधी, शेवटच्या बांधावरच, ते पाठीवर चढवा. दिवसभर लपायला घातलेल्या कपड्यांत तुम्ही ट्रकवाल्यालाही दिसत नसता.